शनिवारचा देश

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घरात जुन्या पिशव्या जमतात तसे ते जमतात. टाकायला म्हणून काढाव्यात, तर प्रत्येकीचा काहीतरी उपयोग आठवतो, आणि आपण पुन्हा घडी घालून ठेवतो.

मी मालवणात एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. म्हणजे ग्रंथपाल मी, झाडू मारणारी मी, आणि पंखा फार जोरात फिरतो अशी तक्रार आली की ती ऐकणारीही मीच. पंखा फिरतच नाही ही तक्रारसुद्धा त्याच दिवशी, त्याच माणसाकडून येते! दमायला होतं हो. पण दमून खुर्चीत टेकलं की ह्याच गोष्टी आठवतात.

तर झालं असं, की आमच्याकडे लोक पुस्तकं न्यायला येत नव्हते, पेपर वाचायला यायचे. पहिला माणूस पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवायचा आणि मागून येणारे माझ्याशी भांडायचे. शेवटी मी म्हटलं, "बाबांनो, पेपराला हात लावू नका. दर शनिवारी मी तुम्हाला बाहेरच्या बोर्डावर कोडं घालते."

कोडं साधं. एका देशाचं नाव घ्यायचं. त्यातली अक्षरं वापरून शब्द करायचे. काना, मात्रा, वेलांटी तुमच्या मर्जीची, पण अक्षर नावात जितक्यांदा आहे तितक्यांदाच घ्यायचं. नेपाळ घेतला तर नळ होतो, पान होतं, पोळी होते. मी प्रश्न लिहायची, उत्तर त्या अक्षरांतून काढायचं.

माझा हेतू असा, की लोक नकाशा बघतील, शब्दकोश उघडतील, वाचन वाढेल.

वाचन वाढलं नाही. भांडणं वाढली!

* * *

कायमचे भिडू तीन. भाऊ, एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. सगळा जन्म स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेला, त्यामुळे कानात काही सांगायचं असलं तरी फलाट क्रमांक दोनपर्यंत ऐकू जातं. सुलभाताई, सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. फार बोलत नाहीत, पण बोलल्या की इंजेक्शन दिल्यासारखं. आणि तात्या. तात्या बोटीवर होते. मालवाहू बोटींवर अख्खं जग फिरून आलेला माणूस.

देशांचं कोडं म्हटल्यावर आम्हाला वाटलं, आता तात्या आपल्याला एकेका देशाचं वर्णन ऐकवणार. पहिल्या शनिवारी ब्राझील होता. भाऊंनी कौतुकाने विचारलं, "तात्यानू, ब्राझील कसो आसा?"

"आवाज लय," तात्या म्हणाले.

पुढच्या आठवड्यात जपान. "जपान कसो?"

"आवाज लय."

त्याच्या पुढे नॉर्वे. आता मात्र भाऊ चिडले. "अहो, नॉर्वे म्हणजे बर्फ! थंयसर कसलो आवाज?"

"माका काय म्हायत?" तात्या म्हणाले. "मी इंजिनात होतंय!"

* * *

एकदा कोस्टारिका दिला. प्रश्न होता, 'घर चालवायला काय लागतं? सगळी अक्षरं वापरा.' उत्तर काटकसर. बघा करून, एकही अक्षर उरत नाही. मला हा शब्द सापडला त्या दिवशी मी इतकी खूश झाले होते की घरी आमटीत मीठ घालायला विसरले.

भाऊंनी बोर्डाकडे बघून जाहीर केलं, "सरकार!"

"भाऊ, सरकार बसत नाही," मी म्हटलं.

"कित्या बसना नाय?"

"र एकच आहे. सरकारला दोन लागतात."

"सरकार बसना नाय म्हणजे काय?" भाऊंचा स्टँडवरचा आवाज सुटला. "बसना नाय तर आमी बसवतलों!"

नेमका त्याच वेळी बाहेरून पक्षाचा एक कार्यकर्ता बाईकवरून चालला होता. त्याने ब्रेक मारला, कान दिला, आणि काही न विचारता पुढे गेला. संध्याकाळी मी मासळी बाजारात बांगडे घेत होते, तर बांगडेवाली शेजारणीला सांगत होती, "सरकार पडतला म्हणतत. वाचनालयात मीटिंग झाली."

घरी येते तर आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन. "मॅडम, आज तुमच्याकडे कसली मीटिंग होती?"

"मीटिंग नव्हती साहेब. कोस्टारिका होता."

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग त्यांनी हळूच विचारलं, "ते कुठल्या गटाचे?"

* * *

मे महिन्यात मालवणात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा बोर्डावर 'आजचा देश: थायलंड' असं लिहिलेलं होतं आणि भाऊ बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसले होते. एक मोठी गाडी थांबली. उन्हाने लाल झालेलं एक कुटुंब उतरलं. त्यातल्या बाईंनी बोर्ड वाचला आणि भाऊंना विचारलं, "काका, थाळी आहे का?"

भाऊंना वाटलं, ही पण कोडं सोडवायला आली!

"थाळी नाय," ते म्हणाले. ऑफिसात किंवा पाहुण्यांशी बोलताना भाऊ शुद्ध बोलायला जातात, म्हणून पुढचं शुद्धात झालं. "थाळी होत नाही. ल आहे, ळ नाही."

बाई गोंधळल्या. "मग दुसरं काही मिळेल?"

"आता काही उरलं नाही. थायलंड संपला. पुढल्या शनवारी पेरू."

"नुसता पेरू?"

"हो. दोनच अक्षरं, पण जड जातो!"

ते कुटुंब गाडीत बसून निघून गेलं. आठवड्याने माझ्या भाचीने मला मोबाईलवर दाखवलं. आमच्या वाचनालयाला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी ऑनलाइन अभिप्राय दिला होता. 'जागा शांत. मेनू मर्यादित.'

* * *

पोर्तुगालच्या शनिवारी मी फार विचार न करता एक सोपा प्रश्न टाकला होता. 'महिन्यातून एकदा येतो आणि लगेच जातो.' उत्तर पगार. कोणालाही यावं असं.

सुलभाताई बोर्डाजवळ गेल्या, खडू घेतला आणि लिहिलं, 'पोरगो'.

मी अक्षरं तपासली. प आहे, र आहे, ग आहे. नियमात बसत होतं.

"ताई, उत्तर पगार आहे," मी म्हटलं.

"तुमच्या घराक पगार येत आसात," त्या म्हणाल्या. "आमच्या घराक झील येता. मुंबयसून. शनवारी रात्री येता आणि आयतवारी दुपारच्या गाडयेन जाता. झील लिवतलंय होतंय, पण अक्षरां नाय बसली म्हणान पोरगो लिवलंय."

मी खडू घेतला. पुढे बरोबरची खूण केली.

भाऊंनी ते मान वर करून वाचलं. मग खाली बघून म्हणाले, "म्हयन्याक येता? नशीबवान आसस गो सुलभा. आमचो गणपतीक येता, नि मोबाईल बघित बसता."

तात्या आणि त्यांच्या पत्नी मालतीवैनी यांना मूलबाळ नाही. तात्या म्हणाले, "आवाज तरी करता मा? पुरे झाला."

* * *

ह्यात माझा दोष एवढाच, की मी वाचनालयाच्या ग्रुपची अॅडमिन आहे.

भाऊ लागोपाठ कितीतरी शनिवार जिंकले, म्हणून आम्ही त्यांचा सत्कार केला. सुलभाताईंनी परसातल्या अबोलीचा हार आणला. भाऊंना बोर्डासमोर उभं केलं, हार घातला, मी फोटो काढला. फोटोत मागे काळा बोर्ड, पुढे हार घातलेले भाऊ, आणि नेमके डोळे मिटलेले! मी दमले होते, पुन्हा कोण काढणार? तसाच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपले लाडके भाऊ.'

पहिल्या माणसाने हात जोडलेलं चित्र टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, 'ॐ शांती'. तिसऱ्यापासून 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू झाली ती थांबेचना. एकाने तर लिहिलं, 'कालच स्टँडवर भेटलेले, विश्वास बसत नाही.' काल ते स्टँडवर गेलेच नव्हते!

मी घाबरून लिहिलं, 'भाऊ जिवंत आहेत.'

त्यावर एक उत्तर आलं. 'अरेरे.'

भाऊंचा फोन नेहमीप्रमाणे बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात रिक्षा थांबली आणि वैभववाडीहून त्यांचा मेव्हणा उतरला. खांद्यावर टॉवेल, डोळे सुजलेले, अंगणातूनच "भावोजीनूऽऽ" करून हंबरडा. दार उघडायला भाऊ स्वतः गेले, तोंडात ब्रश!

मेव्हणा जागच्या जागी थिजला. भाऊंनी शांतपणे चूळ भरली आणि म्हणाले, "जिता आसताना पाच फोन केलंय तरी कधी इलंस नाय. आणि मेल्यावर पयली गाडी धरलंस?"

मेव्हणा दोन दिवस राहिला. सुरमई खाऊन गेला.

* * *

हा अगदी छोटा. त्या शनिवारी अक्षरं नव्हती, नुसता प्रश्न होता, 'समुद्र नसलेला देश.' भाऊंनी लिहिलं, 'कोल्हापूर'.

मी म्हटलं, "भाऊ, कोल्हापूर देश कधी झाला?"

"घाट चढलो की देशच मा?" भाऊ म्हणाले. "थंयली माणसा स्वताच म्हणतत, आमी देशावरची!"

नकाशे उघडायला लावायला निघालेली मी. नकाशाची घडी घालून ठेवली.

* * *

आता हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तात्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आतून समजायचं सगळं, कान शाबूत, डोळे शाबूत, पण बोलायला गेले की नुसता घशातून आवाज यायचा आणि त्या आवाजाची त्यांना स्वतःलाच लाज वाटायची. दवाखान्यातून घरी आणल्यावर कोणी भेटायला गेलं की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तिला ते हात धरू देईनात.

आम्ही शनिवार चालू ठेवला होता, पण कोणाचं मन लागत नव्हतं. मीही प्रश्न काढायचं सोडून दिलं होतं. नुसतं देशाचं नाव लिहायचं आणि म्हणायचं, करा जमतील तेवढे शब्द. त्या शनिवारी मादागास्कर लिहिला होता. म, द, ग, स, क, र. बोर्डावर सागर झाला, मगर झाली, मासा झाला, कामगार झाला. सुलभाताईंनी मसुरे लिहिलं. मसुरे त्यांचं माहेर.

"गावाचा नाव चलना नाय," भाऊ म्हणाले. "विशेषनाम ता."

"आंगणेवाडीच्या जत्रेक त्याच मसुऱ्याक विशेष गाडये सोडीत होतास मा?" सुलभाताई म्हणाल्या. "तेवा विशेष चलला!"

एरवी ह्यावर अर्धा तास गेला असता. त्या दिवशी भाऊ नुसते हसले आणि मला म्हणाले, "मॅडम, समुद्र व्हता ह्यातसून. बघा, स, म, द, र. कोणी लिवू नको. तो तात्यांचो. चला, घेवन जावया."

मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे सहा तुकडे कापले आणि त्यांवर ठळक सहा अक्षरं लिहिली. आम्ही तिघं रिक्षाने बंदराकडे तात्यांच्या घरी गेलो.

मालतीवैनी दारातच भेटल्या. बाई अर्ध्या झाल्या होत्या. "दोन दिस झाले, काय घेणत नाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पेज नाय, चाय नाय. दात मिटून पडतत. चमचो लावलंय तर तोंड फिरवतत. बसा तुमी. मी चाय करतंय."

तात्या भिंतीकडे तोंड करून होते. भाऊंनी स्टूल ओढून खाटेला लावलं, सुलभाताईंनी सराईत हातांनी तात्यांना उशीला टेकवून बसवलं, आणि मी स्टुलावर अक्षरं मांडली. भाऊ मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "तात्यानू, आजचो देश मादागास्कर! एक शब्द तुमच्यासाठी रिझर्व्ह ठेवलो हा. काढा बघू!"

तात्यांनी बराच वेळ त्या तुकड्यांकडे बघितलंच नाही. मग बघितलं. मग डावा हात चादरीतून बाहेर आला.

त्यांनी म ओढला. भाऊंनी मला डोळ्याने खूण केली, आता स त्याच्याआधी येणार. तात्यांनी स ला हात लावला नाही. त्यांनी र ओढला आणि म च्या पुढे ठेवला. मग द. द तिरका बसला, तो त्यांनी बोटाने सरळ केला. आणि हात परत चादरीत घेतला.

म, र, द.

"मरद!" भाऊ ओरडले. "वा तात्या! मर्द आसास!"

तात्यांनी मान हलवली. नाही.

सुलभाताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला कळेना, त्यांना काय दिसलं. मी काना-मात्रा लावून बघत होते.

मालतीवैनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. स्टुलावर ठेवायला वाकल्या आणि त्यांनी ते वाचलं.

"मरां दे म्हणतत," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. दूध नासलं असं सांगावं तसं.

भाऊ, ज्यांचा आवाज दोन फलाट जातो, ते दारातल्या आपल्या चपलांकडे बघत होते.

वैनींनी ट्रे खाली जमिनीवर ठेवला. पदराला हात पुसले. मग त्यांनी र उचलून बाजूला केला. द उचलला आणि म च्या आधी आणून ठेवला.

द, म.

"दम," त्या तात्यांना म्हणाल्या. "दम काढा."

तात्या त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले. बाहेर एक रिक्षा उभी होती, तिचं इंजिन बंद झालं. मग पुन्हा तो डावा हात बाहेर आला. त्यांनी ग शोधला, एका बोटाने ढकलत ढकलत आणला आणि वैनींच्या म ला लावून ठेवला.

भाऊंनी वाचलं, एसटीच्या पाटीसारखं, पण जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात. "म... ग. मग?"

तात्या वैनींकडे बघत होते.

"मगे काय मगे!" वैनी म्हणाल्या. कपातला चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "मगे चाय. निवता ती."

आणि बशी पुढे केली.

तात्यांनी तोंड उघडलं.